नाताळच्या सुट्टीतले प्रयोग: तुरटीची चांदणी, जास्वंदीचे शुभेच्छापत्र आणि पेल्यावरचे हिम

नाताळच्या निमित्ताने मुलांकडून घरी काही विज्ञानप्रयोग करून घ्यावेत म्हणून कृती शोधू लागले, की त्यांतल्या बहुतेक परदेशी घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आढळतात. त्यांना टाकणखार (बोरॅक्स) लागतो, कॉफी गाळण्याचे कागद लागतात, पेपरमिंटच्या पट्टेदार काठ्या लागतात आणि खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे हे गृहीतच धरलेले असते. वसई, पुणे किंवा मडगावच्या घरात यांतले फारसे काही सापडत नाही. तुरटी, जास्वंद, हळद, खायचा सोडा, जाडे मीठ आणि स्टीलचे पेले मात्र हमखास सापडतात आणि मुलांच्या प्रयोगांसाठी हेच साहित्य अधिक चांगले आहे, असे माझे मत आहे. टाकणखार पोटात गेल्यास लहान मुलांना अपाय होतो, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की रोजच्या ओळखीची वस्तू अनोळखी वागू लागली, की मूल तिच्याकडे अधिक निरखून पाहते.

नाताळ आणि विज्ञान यांची सांगड तशी जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८२७ ते १८६० या काळात अशा एकोणीस व्याख्यानमाला गुंफल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली व्याख्यानमाला एका साध्या मेणबत्तीवर होती. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला, तर ती परंपरा आजही चालू आहे. फॅरडे समोर वस्तू ठेवून, ती पेटवून, विझवून, उलटीपालटी करून दाखवत असत. आपणही स्वयंपाकघराच्या ओट्यावर तेच करणार आहोत.

पुढच्या बहुतेक प्रयोगांना एक पथ्य लागू आहे, ते आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक वेळी दोन पेले मांडावेत. दोन्हींत सर्व काही सारखे ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय होईल ते मुलांना आधी सांगायला लावावे, म्हणजे कागदावर लिहूनच घ्यावे. दुसरा पेला नसेल, तर जे घडते ती जादू ठरते. तो शेजारी असला, म्हणजे मुले आपोआप कारण शोधू लागतात.

तुरटीची चांदणी

हा प्रयोग सर्वांत आधी लावावा, कारण त्याला एक रात्र लागते. पाव किलो तुरटी आणावी. दाढीनंतर लावतात तसला काचेसारखा, आरपार दिसणारा खडा मागून घ्यावा. पाणी निवळण्यासाठी मिळणारी पांढरी, मातकट ढेकळे अनेकदा वेगळ्या क्षाराची असतात आणि त्यांचे नीट स्फटिक होत नाहीत. खडा खलबत्त्यात कुटून दीडशे ग्रॅम पूड मोजून घ्यावी.

चांदणीचा सांगाडा खराट्याच्या हिरांचा करावा. बोटभर लांबीचे तीन हीर मध्यावर एकमेकांवर आडवे ठेवून लोकरीच्या धाग्याने घट्ट बांधावेत, म्हणजे सहा टोके होतात. मग तोच धागा प्रत्येक टोकावरून गुंडाळत न्यावा. लोकरच घ्यावी, कारण तिच्या तुसांवर स्फटिकांना बसायला जागा मिळते. गुळगुळीत नायलॉनवर ते धरत नाहीत. एका टोकाला काचेचा मणी बांधावा, नाहीतर सुका हीर पाण्यावर तरंगत राहतो. अशा दोन चांदण्या कराव्यात.

पहिल्या वर्षी आम्ही हिरांऐवजी घरात पडलेली लोखंडी तार वापरली होती. सकाळी मुलांनी बरणी उघडली, तेव्हा आत गंजाने माखलेली तपकिरी चांदणी लटकत होती आणि पाणी चहासारखे झाले होते. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते, त्यात लोखंड टिकत नाही, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्याच कारणाने द्रावण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात न करता स्टीलच्या पातेल्यात करावे.

अर्धा लिटर पाणी चांगले गरम करून, उकळी येण्याआधी गॅस बंद करावा आणि त्यात तुरटीची पूड थोडी थोडी घालत ढवळत राहावे. हे काम मोठ्यांनी करायचे आहे. सगळी पूड विरघळली की द्रावण फडक्यातून गाळावे, भांड्याला बाहेरून हात लावता येईल इतके निवू द्यावे आणि मगच काचेच्या दोन बरण्यांत सारखे वाटून घ्यावे. कडकडीत द्रावण ओतले तर काच तडकते. प्रत्येक बरणीच्या तोंडावर पेन्सिल आडवी ठेवून तिला चांदणी अशी टांगावी, की ती बुडाला किंवा कडेला टेकणार नाही.

आता एकच गोष्ट बदलायची. एक बरणी जाड टॉवेलात गुंडाळून, रात्रभर कोणाचा धक्का लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावी. दुसरी थंड पाण्याच्या पातेल्यात उभी करावी. थंड पाण्यातल्या चांदणीवर तासाभरात रवाळ साखरेसारखा थर दिसू लागतो. टॉवेलातली बरणी मात्र सकाळपर्यंत उघडू नये, आणि मुलांकडून एवढा धीर धरवून घेणे हाच या प्रयोगाचा अवघड भाग आहे. सकाळी तिच्यावर संख्येने कमी, पण मोठे आणि चकचकीत स्फटिक दिसतात. भिंग असेल तर त्यातून पाहावे. चांगल्या वाढलेल्या स्फटिकाचा आकार दोन पिरॅमिड बुडाशी चिकटवल्यासारखा असतो, म्हणजे त्याला आठ त्रिकोणी बाजू असतात. लोकरीवर बसलेल्या स्फटिकाच्या साऱ्या बाजू दिसत नाहीत, तरी तीन-चार स्वच्छ त्रिकोण सहज मोजता येतात.

कारण असे, की वीस अंश तापमानाच्या शंभर मिलिलिटर पाण्यात जेमतेम बारा ते पंधरा ग्रॅम तुरटी मावते, तर साठ अंशांना पन्नास ग्रॅमहून अधिक. पाणी निवत जाते तशी जादा तुरटी बाहेर पडते. घाईने निवले, तर असंख्य ठिकाणी एकदम स्फटिक सुरू होतात आणि कोणालाच वाढायला सवड मिळत नाही. सावकाश निवले, तर सुरुवातीचे थोडे स्फटिक थरावर थर चढवून मोठे होतात.

इथे एखादे चौकस मूल विचारेल, की चांदणीला सहाच टोके का ठेवली. खऱ्या हिमकणाला सहा बाजू असतात म्हणून. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६११ साली प्राग इथे, नव्या वर्षाची भेट म्हणून, नेमक्या याच प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात हे उत्तर मिळायला मात्र विसावे शतक आणि क्ष-किरण यावे लागले. तेव्हा आपल्या चांदणीची सहा टोके हिरांमुळे आहेत आणि तिच्यावरचे त्रिकोण तुरटीचे स्वतःचे आहेत, हा फरक मुलांना जरूर दाखवावा. कागद दुमडून हिमकण कापतानाही तो चार किंवा आठ पाकळ्यांचा न कापता सहा पाकळ्यांचाच कापायला शिकवावा.

जास्वंदीचे शुभेच्छापत्र

नाताळचे रंग लाल आणि हिरवा. एकाच फुलातून हे दोन्ही काढता येतात. गडद लाल जास्वंदीची पाच-सहा फुले घ्यावीत, देठ आणि केसर काढून टाकावेत आणि पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात. पाकळ्या फिक्या पडतात आणि पाणी जांभळट होते. ते दोन वाट्यांत वाटून घ्यावे. एका वाटीत लिंबाचे चार थेंब पिळावेत, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा घालावा. पहिली वाटी झळझळीत गुलाबी-लाल होते, दुसरी हिरवी. मुलांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो निघून जाईपर्यंत आपण काही बोलू नये.

शुभेच्छापत्रासाठी पाणी करण्याचीही गरज नाही. जाड पांढऱ्या कागदावर पाकळी सरळ चोळावी, म्हणजे जांभळा डाग उमटतो, आणि सगळा कागद असा रंगवून वाळू द्यावा. मग कानकोरण्याच्या कापसाच्या काडीने एका बाजूला लिंबाच्या रसाने टोपी काढावी, दुसऱ्या बाजूला सोड्याच्या पाण्याने झाड काढावे. काडी फिरेल तिथे रंग पालटत जातो. हिरवा भाग दोन-तीन दिवसांत मळकट होऊ लागतो, म्हणून हे पत्र देण्याच्या दिवशीच केलेले बरे.

पाकळीतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य लिंबासारख्या आम्लात एक रंग दाखवते आणि सोड्यासारख्या अल्कात दुसरा. मुलांना आता घरातल्या वस्तू तपासण्याची चटक लागेल, तेव्हा चिंचेचे पाणी, ताक, साबणाचे पाणी, मीठ, साखर अशी रांग लावून द्यावी. मीठ आणि साखर यांनी रंग पालटत नाही, हेही वहीत लिहायला सांगावे. मुलांना तो प्रयोग फसला असे वाटते, पण तसे ते नाही.

जास्वंद मिळाली नाही, तर हळद आहेच. हळदीचे पाणी कागदाला लावून वाळवावे आणि त्यावर साबणाच्या दाट पाण्याने किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने चित्र काढावे. पिवळ्यावर तांबडे उमटते. खायचा सोडा यासाठी थोडा मवाळ पडतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, तेही याच गुणावर. हळदीने आंबट-गोड यांतले आंबट मात्र ओळखता येत नाही, कारण लिंबाने ती पिवळीच राहते. या बाबतीत जास्वंद तिच्यापेक्षा सरस. चुना वापरायचाच असेल, तर तो मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

पेल्यावरचे हिम

आपल्याकडे नाताळात बर्फ पडत नाही. तो पेल्यावर पाडता येतो. स्टीलचे दोन सारखे पेले घेऊन बाहेरून कोरडे पुसावेत. फ्रीजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्याने फोडावा आणि दोन्ही पेल्यांत सारखा भरावा. एका पेल्यात बर्फाच्या साधारण तिसरा हिस्सा जाडे मीठ घालून चमच्याने मिनिटभर ढवळावे, दुसऱ्यात काहीच घालू नये. मिठाच्या पेल्याखाली ओले फडके पसरून ठेवावे.

पाच ते दहा मिनिटांत बिनमिठाच्या पेल्यावर दवासारखे थेंब जमतात आणि ओघळू लागतात. मिठाच्या पेल्यावर खालून वर पांढरी साय चढत जाते. नखाने खरवडली तर ती किसलेल्या खोबऱ्यासारखी नखात येते आणि तिथेच विरते. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत आधी पाण्याचा पातळ थर जमून त्याचा काचेसारखा बर्फ होतो आणि त्यावर पांढरे हिम बसते. नागपूर-नाशिककडच्या कोरड्या थंडीत थर पातळ, पण अधिक पांढरा येतो. पेला उचलायला गेले, तर खालचे फडके त्याला चिकटून वर येते. मुलांना हा भाग सर्वांत आवडतो.

मिठाने बर्फ गरम होतो असा काहींचा समज असतो, कारण तो भराभर वितळताना दिसतो. प्रत्यक्षात खारे पाणी शून्य अंशाच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही, म्हणून बर्फ वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. अशा मिश्रणाचे तापमान तत्त्वतः उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. घरच्या पेल्यात तितके होत नाही, तरी हिम धरायला जे होते ते पुरेसे असते. कुल्फीवाला मटक्यात बर्फावर मीठ टाकतो, ते याचसाठी. या पेल्याला बोट क्षणभरच लावावे. मुठीत धरून ठेवण्याची पैज मुलांना लावू देऊ नये, थंडीनेही कातडी भाजते.

मेणबत्ती

इथे मोठ्या माणसाने शेजारी बसणे आवश्यक आहे. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली आणि अंगावर सुती कपडे असावेत. पंखा बंद करावा.

मेणबत्ती दोन मिनिटे नीट जळू द्यावी आणि मग हलकेच फुंकून विझवावी. वातीतून धुराची पांढरी रेघ वर चढते. वातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, त्या रेघेत, पेटती काडी धरली की ज्योत रेघेवरून खाली उडी घेते आणि वात पेटते, काडी वातीला लागलेली नसतानाही. ती रेघ मेणाच्या वाफेची असते. जळते ते मेणाची वाफ, वात फक्त मेण वर पोहोचवते. फॅरडे यांनी आपल्या श्रोत्यांना हेच दाखवले होते.

दुसरा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी चुकीचे सांगितले जाते. ताटलीत मेणबत्ती चिकटवून ताटलीत थोडे रंगीत पाणी ओतायचे, मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. ‘ज्योतीने प्राणवायू संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली’, असे मीही शाळेत पाठ केले होते. पाणी केव्हा चढते, एवढेच मुलांना लक्ष देऊन पाहायला सांगावे. ज्योत जळत असताना ते फारसे चढत नाही. ज्योत मंदावून विझते, तेव्हा भरकन वर येते. पेला घालताना कडेने बुडबुडे बाहेर पडतानाही काही वेळा दिसतात. ज्योतीने तापलेली हवा फुगून आधीच बाहेर गेलेली असते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकसते, म्हणून बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले जाते. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात पुष्कळसा प्राणवायू शिल्लकच असतो.

हे पटवायला दुसरा पेला कामी येतो. तेवढ्याच पेल्याखाली एकीऐवजी तीन छोट्या मेणबत्त्या लावाव्यात. आतला प्राणवायू तेवढाच आहे, तरी पाणी जास्त वर चढते, कारण हवा जास्त तापली होती. पाठ केलेल्या उत्तरात हे बसत नाही, आणि ते बसत नाही हे मुलाने स्वतः ओळखले, तर सुट्टी कारणी लागली असे मी समजेन.

बेदाणे आणि फुगा

केकसाठी आणलेले चार-पाच बेदाणे पिण्याच्या ताज्या साध्या सोड्याच्या (सोडावॉटरच्या) पेल्यात टाकावेत. ते बुडतात, सुरकुत्यांवर बुडबुडे जमले की तरंगून वर येतात, वर बुडबुडे फुटले की पुन्हा बुडतात. शेजारच्या साध्या पाण्याच्या पेल्यातले बेदाणे बुडून राहतात. बेदाणे कोरडे असावेत. रममध्ये भिजत घातलेले टम्म झालेले असतात, त्यांना हे जमत नाही, आणि ते मुलांच्या हाती देऊही नयेत.

फुग्यासाठी लहान प्लास्टिकच्या बाटलीत शंभर मिलिलिटर पांढरे व्हिनेगर घ्यावे. फुग्यावर आधी मार्करने सांताचा चेहरा काढून ठेवावा. नरसाळ्याने फुग्यात एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, खायचा सोडा भरावा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवावा आणि उभा धरून सोडा आत पाडावा. दीड लिटरच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि सांताचे गाल नारळाएवढे फुगतात. मग दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच व्हिनेगरमध्ये दुप्पट सोडा घालून पाहावे. दुप्पट फुगा होणार, असे मुले पैजेवर सांगतात. तो जेमतेम थोडा मोठा होतो आणि बाटलीच्या बुडाशी पांढरा सोडा तसाच पडून राहतो, कारण साधारण चार टक्के आम्ल असलेले तेवढे व्हिनेगर पहिल्याच चमच्याला जवळजवळ पुरे पडलेले असते. तिसरी बाटली कशी लावायची, हे बहुधा मुलेच सांगतात.

तुरटीची चांदणी वाळली की तिला नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशचा पातळ हात द्यावा, नाहीतर कोरड्या हवेत स्फटिकांवर हळूहळू पांढरी पूड धरते. बरणीतले उरलेले द्रावण ओतून न देता पसरट बशीत घालून, वर जाळी ठेवून, आठवडाभर तसेच राहू द्यावे. पाणी उडून जाईल तसे बुडाशी सुटे स्फटिक धरतात. त्यांतला सर्वांत देखणा निवडून, केसाएवढ्या दोऱ्याला बांधून नव्या निवलेल्या द्रावणात टांगला, तर शाळा सुरू झाल्यावरही तो रोज थोडा थोडा वाढत राहतो.